तीन गाठींचा हिरवा धागा

पुणे
६ एप्रिल २०१८

शालिग्राम काकांना अंजुमचा सलाम.

काल अब्बांचा फोन आला. म्हणाले, "तुह्या काकाले वेबसाईट पाह्यजे." मला वाटलं थट्टा करतायत. ज्या माणसाने आयुष्यात कॅल्क्युलेटर हातात धरला नाही, बोटांच्या पेरांवर मला पाढे शिकवले, त्याला वेबसाईट? पण अब्बा गंभीर होते, म्हणून लिहितेय. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. एक कान पोळ्याच्या बैलाने नेला, दुसरा वयाने, तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही. मी पोस्टाची पेटी शोधतेय म्हटल्यावर ऑफिसातली पोरं माझ्याकडे बघतच राहिली.

हे माझं रोजचं काम आहे. साडीवाले, दातांचे डॉक्टर, लोणची घालणाऱ्या बायका, सगळ्यांच्या वेबसाईट करते. तुमची फुकट करीन, पण माझं ऐकावं लागेल. चांगली वेबसाईट म्हणजे नीट लावलेलं दुकान. आत आलेल्या माणसाला तीन सेकंदांत कळलं पाहिजे की इथे काय मिळतं आणि त्याला हवं ते कुठे आहे. साध्या फोनवर, अर्ध्या रेंजवर उघडली पाहिजे. अक्षरं मोठी, शोधाशोध नाही. आणि पहिल्या पानावर माणसाचा चेहरा हवा. चेहरा दिसला की विश्वास बसतो, हे मी इतक्या वर्षांत पक्कं शिकलेय.

तेव्हा दुकानाचा फोटो पाठवा, तुमचा पाठवा (टोपी काढून), आणि चार-पाच समाधानी गिऱ्हाइकांची नावं, गावं आणि त्यांचे दोन शब्द. बाकी मी बघते.

तुमची
अंजुम

*

जानेफळ
१४ एप्रिल २०१८

चि. अंजुम हिला आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या बापाने, अकरमने, मला मोठ्याने वाचून दाखवलं, जसा काही मी आंधळाच आहे. अर्धा बाजार गोळा झाला. टोपी मी काढणार नाही.

आधी माझा धंदा समजून घे, मग मला शिकव. तीस वर्षं मी बियाण्यांच्या प्रयोगशाळेत शिपाई होतो. सही साहेबाची, दाणे मोजणारा मी. आता तुझ्या बापाच्या रजईच्या दुकानाला लागून माझं टेबल आहे. माणूस पऱ्हाटीच्या (तुम्ही पुण्यात कपाशी म्हणता) बियाण्याचं पाकीट घेतो, त्यातले दोन-अडीचशे दाणे मला आणून देतो. शंभर दाणे मी ओल्या गोणपाटात लावतो, दहाच्या दहा ओळी. सातव्या दिवशी सांगतो किती उगवले. पंच्याहत्तरच्या वर असतील तर पेर. खाली असतील तर बाकीची पाकिटं घेऊ नको. मागच्या हंगामात गुलाबी अळीने बोंडं पोखरली, आता लोक बियाण्याच्या नावानेच धास्तावलेत. चोरून विकलं जाणारं बियाणंही येतं, छापील पिशवीत काहीही भरतात.

माझी एक रीत आहे. मी कुणाचं नाव विचारत नाही. अकरम रजईच्या कापडाच्या चिंध्या आणि उरलेल्या धाग्यांचा डबा बाहेर ठेवतो. माणूस दाणे आणि पाकिटाचा लॉट नंबर-शिक्क्याचा तुकडा चिंधीत बांधतो, आपल्या मनाचा धागा घेतो, मनाला येतील तितक्या गाठी मारतो आणि पोटली टोपलीत टाकतो. तोवर मी रस्त्याकडे पाठ करून बसतो. निकाल मी फळ्यावर लिहितो: पिवळा धागा, दोन गाठी, ब्याऐंशी. ज्याचा त्याला कळतो. खाली पाकिटाचा लॉट नंबर आणि दुकान लिहितो, कारण तोच लॉट दुसऱ्या कुणी घेतला असेल तर त्यालाही कळायला पाहिजे.

आता लोक वीस-वीस कोसांवरून येतात. नुसता फळा वाचायला एसटीचं तिकीट काढतात. म्हणून फळा फोनवर पाहिजे. वाचता न येणाऱ्यालाही कळला पाहिजे. तानाबाईला अक्षर येत नाही, रंग येतो, गाठ येते. बस.

गिऱ्हाइकांची नावं मिळणार नाहीत. काऊन म्हणून विचारू नको.

शालिग्राम

*

पुणे
२२ मे २०१८

काका, सलाम.

तुमची रीत वाचून मी आमच्या साहेबांना दाखवली. ते म्हणाले, असं डिझाइन शिकवायला लोक परदेशात जातात. फुगू नका.

सोबत छापलेली पानं पाठवतेय. उघडल्यावर नऊ रंगांचे मोठे चौकोन. ज्यांना मोतीबिंदू आहे त्यांना हिरवा-निळा कळत नाही, म्हणून रंगाचं नावही लिहिलंय. रंगावर बोट ठेवलं की गाठी येतात, एक ते पाच, टपोऱ्या ठिपक्यांच्या. गाठीवर बोट ठेवलं की निकाल; फळ्यावरचे आकडे अब्बा रोज कळवतात. आकड्याच्या जोडीला तुमचंच गोणपाट काढलंय: दहाच्या दहा ओळी, उगवलेला दाणा हिरवा, मेलेला काळा. तानाबाईंना काळं किती, हिरवं किती, बघताक्षणी कळेल. दोन बोटांत काम. लॉगिन नाही, पासवर्ड नाही, कुणाचं नाव नाही.

पण काका, एका गोष्टीवर मी अडून बसले. चेहऱ्याशिवाय पहिलं पान ओसाड दिसत होतं. लोक फसवणूक समजतात. अब्बांनी मला गेल्या आठवड्यात एक फोटो पाठवला होता. तुमच्या फळ्यापुढे एक माणूस पोटली उंच धरून हसतोय, पुढचे दोन दात नाहीत, इतकं मोकळं हसू मी पुण्यात पाहिलेलं नाही. अब्बा म्हणाले मोतीराम आहे, सातव्या दिवशी निकाल बघून म्हणाला, "वाचलो बुवा." तो फोटो मी लावला. नाव घातलं नाही, गाव घातलं नाही. तुमचा शब्द पाळला.

पेरणी तोंडावर आलीय म्हणून तुमच्या उत्तराची वाट न बघता शनिवारीच वेबसाईट चालू केली. तीन दिवसांत अकराशे लोकांनी उघडली! रागावला असाल तर पत्रात रागवा, मी मिठाईसकट ईदला येतेय.

अंजुम

*

जानेफळ
२९ मे २०१८

अंजुम,

काल पोस्टमास्तरच्या फोनवरून तुला "फोटो काढ" एवढा निरोप पाठवला. तू दहा मिनिटांत काढलास असं तो म्हणाला. त्याचं कारण आता लिहितो. बसून वाच.

मोतीरामच्या हातातली पोटली तुला दिसली, तिचा धागा दिसला नाही. हिरवा धागा, तीन गाठी. तू फोटो मोठा आणि स्वच्छ लावलास, तुझं कामच ते. आणि त्याच फोनवर हिरव्यावर बोट ठेवलं, तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं, की दिसतं: शंभरात एकतीस. खाली लॉट नंबर. खाली शंकररावचं कृषी केंद्र, तेच आमच्या ओळीतलं. त्या लॉटची पाकिटं शंकररावने चाळीस घरांत दिली होती. निकाल फळ्यावर लागल्यावर पुढची मागणी सगळ्यांनी मोडली. आजवर त्याला माहीत नव्हतं की दाणे कोणी आणले. तुझ्या पानाने त्याला दोन बोटांत सांगितलं.

शनिवारी मोतीराम युरिया आणायला गेला. शंकररावच्या दोन माणसांनी त्याला आत ओढलं. फोन तोंडापुढे धरला. "हा तूच ना बे? कोण्या हातानं गाठ मारली?" मोतीराम भोळा माणूस. त्याला वाटलं खरं बोललं तर सोडतील. त्याने उजवा हात दाखवला.

त्यांनी तो हात उंबऱ्यावर धरला आणि दुकानाचं शटर खाली ओढलं. एकदा नाही, चारदा. दर वेळी वर करायचे आणि विचारायचे, "आता बांध पाहू." बाहेर वीस माणसं उभी होती. कोणी हललं नाही. मीही नाही, कारण मला ऐकूच आलं नाही; हे सगळं नंतर लोकांकडून कळलं. माझी पाठ होती. टेबल थरथरलं तेव्हा मी वळलो. तीन बोटं बुलढाण्याच्या डॉक्टरने काढली. अंगठा आणि करंगळी राहिलीय.

तू मारलंस त्याला. मी हे वाक्य तीनदा खोडलं आणि तीनदा लिहिलं.

आता माझं ऐक. माझ्या कानाला बैलाचं शिंग लागलेलं नाही. सात वर्षांपूर्वी माझ्याकडे वही होती. नाव, गाव, दाणे, निकाल, सगळं साहेबी पद्धतीने. याच शंकररावने ती वही हिसकावली. त्यातून नाव काढून तानाबाईच्या नवऱ्याला बैलाच्या जुवाने मारलं, तो वर्षभर उठला नाही आणि मग गेला. वही सोडवायला मी गेलो तेव्हा शंकररावने पायातला बूट काढून माझ्या कानावर इतक्या वेळा मारला की आत काहीतरी फुटलं आणि सगळं गाव एकदम शांत झालं. त्या दिवसापासून धागा. त्या दिवसापासून पाठ.

हे तुला एप्रिलमध्ये लिहिलं असतं तर तू तो फोटो लावलाच नसतास. मला लाज वाटली. मार खाल्ला हे पोरांना सांगण्यापेक्षा बैल बरा वाटला. म्हणून वरच्या वाक्यात माझंही नाव घाल.

शालिग्राम

*

पुणे
१ जून २०१८

काका,

तुमचं पत्र ऑफिसच्या जिन्यात उभ्याने वाचलं. मग बसले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मी धागा पाहिला होता. खोटं नाही बोलणार. फोटोत तो हिरवा रंग इतका छान उठून दिसत होता की मी तो आणखी उजळ केला. मला दिसला तो फक्त रंग. कामाच्या नादात माणूस किती आंधळा होतो, हे मला आता कुणी शिकवायला नको.

मला झोप नाही. डोळे मिटले की शटरचा आवाज येतो, जो मी ऐकलेलाच नाही. मनात येतं, त्या पहिल्या पानावर मोतीरामभाऊंचा फुटलेला हात लावावा आणि खाली शंकररावचं नाव, फोटो, सगळं. साऱ्या विदर्भाला बघू दे. मग वाटतं, पुन्हा त्यांचाच हात, पुन्हा माझंच पान. तुम्ही सांगा काय करू. वेबसाईट कायमची बंद करू का?

आणि अब्बा माझ्याशी का बोलत नाहीत? तीन दिवस झाले. अम्मी फोन उचलते आणि म्हणते, रोजा आहे, झोपलेत. दुपारी झोपलेत, इफ्तारलाही झोपलेत. फोटो त्यांनीच दिला होता, म्हणून माझ्यावर चिडले असतील तर चिडू द्या, पण ओरडायला तरी सांगा. अब्बांचं गप्प राहणं मला सहन होत नाही.

मोतीरामभाऊंना माझं नाव सांगू नका. नाही, सांगा.

अंजुम

*

बुलढाणा, कोठडीतून
७ जून २०१८

चि. अंजुम,

पत्ता वाचून घाबरू नको. मी धडधाकट आहे. इथला शिपाई कागद देतो, त्याच्या भावाचे दाणे मी मागच्या वर्षी मोजले होते.

अकरम चिडलेला नाही. त्याला बोलता येत नाही. तुझ्या आईने लपवलं, कारण मीच तिला तसं सांगितलं होतं. ते माझं आणखी एक शहाणपण.

मी तुला पत्र टाकलं त्याच दिवशी संध्याकाळी शंकररावचे ते दोघे माझं टेबल मोडायला आले. मी एकटा असतो तर मोडू दिलं असतं. पण अकरम रोजा सोडून नुकताच दुकानात आला होता. कापूस पिंजताना धनुकलीच्या तातेवर, त्या ताणलेल्या दोरीवर, तो ज्या लाकडी मुठीने ठोके देतो, ती घेऊन दारात उभा राहिला. त्याच्या अंगावर कापसाचे तंतू होते, दाढीत कापूस होता. त्याचे ओठ मला वाचता येतात; म्हणाला, "टोपलीले हात नोको लावू." पहिल्याने हात लावला, अकरमने त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. मला ऐकू येत नाही, पण तो मोडला हे मी पायातून ऐकलं. दुसऱ्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने अकरमच्या जबड्यावर मारलं. दोनदा. त्याचा जबडा आता तारेने बांधलाय. टोपलीला मात्र त्यांचा हात लागला नाही. गोणपाट सगळी फाडली.

तुझा बाप पंचवीस वर्षं माझा सोबती आहे. आम्ही एकच बिडी दोघांत ओढलीय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीवरचा विळा घेतला आणि शंकररावच्या दुकानात गेलो. तो एकटाच होता, अगरबत्ती लावत होता. मी त्याचा गळा काउंटरवर दाबला, विळा मानेवर ठेवला आणि त्याच लॉटचं पाकीट दाताने फाडलं. औषध लावलेले गुलाबी दाणे. मी म्हटलं, "शंभरात एकतीस उगवतात ना बे? मंग एकतीस खाय. तुह्या पोटात किती उगवतात, मले पाहायचं हाये." एक-एक दाणा त्याच्या तोंडात टाकला. मोजून. त्याने चावला नाही तर विळा थोडा दाबायचा. रक्त शर्टावर आलं, अगरबत्तीचा वास आणि औषधाचा वास एक झाला. तो रडत होता, त्याचे ओठ हलत होते, काय म्हणत होता ते मला ऐकू येत नव्हतं. तो कान त्यानेच घेतला होता.

एकोणीसवर तो ओकला. मी वीस म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो. दया आली म्हणून थांबलो नाही. तीस वर्षांत मी ओकलेला दाणा कधी मोजलेला नाही, त्यामुळे आता एकोणीस धरायचे की अठरा, हेच मला कळेना. असा माणूस आहे मी. विळा काउंटरवर ठेवला आणि ठाण्यात चालत गेलो. तो जगला. मानेला सहा टाके आहेत. त्याचे दोघेही आत आहेत, पण त्याची बाहेर माणसं आहेत.

मला पस्तावा होत नाही. त्याची लाज वाटते, पण पस्तावा होत नाही.

आता कामाचं. वेबसाईट बंद कर. जानेफळला येऊ नको. टोपलीत सतरा पोटल्या पडल्यात, त्यांच्यात उरलेले दाणे आहेत. ज्यांचे आहेत ते पेरणीसाठी थांबलेत, की आंधळेपणाने पेरतील, देव जाणे. पोटल्या अकरमला जाळून टाकायला सांग. नाव नाही तरी धागा आहेच, आणि आता धागाही ओळखता येतो.

शालिग्राम

*

जानेफळ
१८ जून २०१८

काका,

वरचं गाव वाचून शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाचा.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी बसमध्ये बसले. अकरा तारखेला इथे पोचले. अब्बांचं तोंड तारेने बंद आहे, पाटीवर लिहून बोलतात. मला बघून पहिल्यांदा लिहिलं, "रजा मिळाली?" परवा ईदला त्यांनी शेवया गाळून घेतलेला शिरखुर्मा नळीने प्यायला आणि पाटीवर लिहिलं, "साखर कमी." अम्मी त्या रात्रीनंतर पहिल्यांदा रडली.

पोटल्या जाळल्या नाहीत. तुम्ही लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचलं: ओलं गोणपाट, दहाच्या दहा ओळी, सातवा दिवस. सतराच्या सतरा लावल्या. पहिल्या दिवशी दाणे ओळीत राहीनात, एकेक ओळ दोनदा लावली. अब्बा शेजारी बसले, लाकडी मूठ मांडीवर ठेवून. बाहेर रस्त्यापलीकडे शंकररावचा एक माणूस मोटरसायकलवर रोज बसलेला असतो. पोटली कोण टाकतंय ते फोनमध्ये टिपायला. म्हणून पाच दिवस टोपलीत एकही नवी पोटली पडली नाही. लोक समोरून जात होते, मान खाली घालून. मला त्यांचा राग येत नव्हता. मी दोन बोटांत निकाल दाखवायचा हिशोब केला होता, ते आपला हात वाचवायचा करत होते.

मग मला उमगलं की पहिल्या पानाबद्दल मी बरोबर होते. चेहरा लागतोच. फक्त मी दुसऱ्याचा लावला होता.

परवापासून तिथे माझा फोटो आहे. मोठा, स्वच्छ, उजळ केलेला. खाली पूर्ण नाव, अब्बांचं नाव, दुकानाचा पत्ता, नकाशा. आणि एक ओळ: "दाणे मी मोजते. आकडा ज्याला पटत नसेल त्याने मला येऊन विचारावं." दाणे कोण आणतं हे कुठेच नाही. धागेही बदलले. अब्बांनी डब्यातले सगळे रंग काढून टाकले. आता फक्त पांढरा धागा आहे, आणि पोटलीबरोबर चिंधीचा अर्धा तुकडा माणूस घरी नेतो. वेबसाईटवर त्या फाटलेल्या कडेचा फोटो असतो. ज्याच्या घरच्या तुकड्याची कड तिच्याशी जुळते, निकाल त्याचा. फोटोत पोटली आली तरी पांढरा धागाच दिसेल. तानाबाईंना दाखवलं. म्हणाल्या, "हे मले जमते वं. फाटलेलं तं म्या जलमभर जोडून राह्यली."

आज सातवा दिवस होता. सकाळी या सतरांचे निकाल जुन्याच रंगा-गाठींवर लावले. सतरापैकी सहा पंच्याहत्तरच्या खाली आहेत, त्यातले चार शंकररावचे. लॉट नंबर लिहिले, दुकान लिहिलं. 

दुपारी मोतीरामभाऊ आले. मी उठून उभी राहिले, बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांनी डावा हात वर करून मला गप्प केलं. उजवा अजून पट्टीत आहे. नव्या पाकिटाचे दाणे आणले होते. चिंधी गुडघ्यावर धरली, धाग्याचं एक टोक दातात, म्हणजे जे दात आहेत त्यांच्यात, आणि एका हाताने गाठ मारायला लागले. मी मदत करायला पुढे झाले तर म्हणाले, "पाठ कर पोरी. शालिग्रामनं तुले रीत नाही शिकवली काय?"

मी रस्त्याकडे पाठ केली. किती वेळ लागला माहीत नाही. मला माफी मागायची होती आणि पाठ करून माफी मागता येत नाही. टोपलीत पोटली पडल्याचा बारीक आवाज आला. वळले तोवर ते निघून गेले होते. संध्याकाळपर्यंत टोपलीत अकरा पोटल्या झाल्या.

आता लिहितेय तेव्हा तो मोटरसायकलवाला समोरच आहे. मघाशी त्याने फोन उघडला, खाली पाहिलं, मग वर माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा खाली. ताडून बघत असावा. मी घाबरलेय, काका, हे तुम्हाला सांगतेय, बैलाची गोष्ट रचत नाही. पण मी टेबलावरून उठले नाही. डोक्यावरची ओढणी मागे सारली आणि त्याला चेहरा नीट दिसेल अशी बसले.

तुमची
अंजुम